दुसऱ्या मुलीची गोष्ट

२०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटा शोधनिबंध आला. त्यात दोन मुलींची माहिती होती. दोघींना रक्ताचा कॅन्सर होता आणि नेहमीचे उपचार होऊनही तो परत परत उलटत होता. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलात दोघींवर एकच नवा प्रयोग झाला. त्यांच्या रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढल्या, प्रयोगशाळेत एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवा जनुक घातला आणि त्या पेशी परत शिरेतून अंगात सोडल्या. त्या जनुकामुळे टी-पेशींना एक खूण ओळखता यायला लागली. खुणेचं नाव सीडी-१९. या कॅन्सरच्या पेशींच्या अंगावर ती असते. या उपचाराला कार-टी म्हणतात.

पहिली मुलगी आज जगाला नावानिशी माहीत आहे. एमिली व्हाइटहेड. एप्रिल २०१२ मध्ये ती सहा वर्षांची होती. पेशी अंगात गेल्यावर तिला प्रचंड ताप चढला, ती व्हेंटिलेटरवर गेली. रक्ताच्या तपासणीत आयएल-६ नावाचं एक प्रथिन भलतंच वाढलेलं दिसलं. त्यावर एक औषध होतं, पण ते संधिवाताचं. संशोधक कार्ल जून यांना ते माहीत होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणीच संधिवात झाला होता. औषध दिलं, ताप उतरला आणि एमिली शुद्धीवर आली ती बरोबर तिच्या सातव्या वाढदिवशी. एखाद्या मालिकेत हे दाखवलं असतं तर आपण सगळे एका सुरात ‘काहीही हं’ म्हणालो असतो. पण हे झालं. २०२२ मध्ये तिला कॅन्सरमुक्त होऊन दहा वर्षं झाली.

दुसरी मुलगी दहा वर्षांची होती. तिचाही आजार या उपचाराने आधी गेला. मग साधारण दोन महिन्यांनी तो परत आला आणि परत आलेल्या पेशींवर ती खूणच नव्हती. टी-पेशींना शिकवलेलं सगळं बरोबर होतं, फक्त आता ओळखायला समोर काही उरलं नव्हतं. निबंधात तिला एक क्रमांक आहे. तिचं नाव आपल्याला कळायचं कारण नाही, आणि ते बरंच आहे. पण तिच्यासारख्या मुलीची गोष्ट सांगायची तर कशी, हेही आपल्याला कळत नाही, आणि हे मला खटकतं.

हा लेख औषधाबद्दल कमी आणि गोष्टींबद्दल जास्त आहे. आजारी मुलाला, त्याच्या भावंडांना, आपल्याला स्वतःला आपण कॅन्सरच्या ज्या गोष्टी सांगतो त्यांचं काय करायचं? माझी कसोटी साधी आहे. जी गोष्ट पहिल्या मुलीला सांगता येते आणि दुसऱ्या मुलीलाही सांगता येते, ती चांगली गोष्ट. जी फक्त पहिलीला पुरते, ती मोठ्यांनी मोठ्यांसाठी बनवलेली.

एमिलीवर निघालेला पहिला लघुपट दुसऱ्या प्रकारात मोडतो. रॉस कॉफमन या दिग्दर्शकाने २०१३ मध्ये केलेला ‘फायर विथ फायर’ जेमतेम तीन मिनिटांचा आहे आणि त्या तीन मिनिटांत तो डोळ्यात पाणी आणतो. पण त्यात बोलतात ती मुख्यतः मोठी माणसं. आगीने आग विझवायची ही कल्पना शीर्षकातच आहे. ती प्रेक्षकाला लगेच कळते आणि निधी उभा करायला उपयोगी पडते, यात मला वावगं काही वाटत नाही. फक्त सहा वर्षांच्या मुलीला ‘तुझ्या आत आग लागली आहे आणि आम्ही आणखी एक आग लावतोय’ असं सांगून बघा. शिवाय या गोष्टीचा सगळा भार शेवटावर आहे. एमिली उठते म्हणून गोष्ट आहे. ती उठली नसती तर हा लघुपट निघालाच नसता.

मराठीत तर शेवटावर बेतलेली भाषा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती ऐकूही येत नाही. कुणी कॅन्सरने गेलं की बातमी ठरलेली: ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’. बरं झालं की ‘कर्करोगावर मात’. मध्ये जे काही महिने किंवा वर्षं जातात त्यांना शब्दच नाहीत. ‘झुंज अपयशी’ म्हटल्यावर अपयश कुणाचं? व्याकरणाने ते त्या माणसाचं होतं. मोठ्या माणसाच्या बाबतीत हे एकवेळ चालवून घेऊ. पण आठ वर्षांच्या मुलाने नेमकं काय कमी केलं होतं? कमी उलट्या केल्या? सुई टोचून घेताना जास्त रडला?

घरातली भाषा याच्या अगदी दुसऱ्या टोकाची. आपल्याकडे लहान मुलाला लागलं की ‘बाऊ झाला’ म्हणतात. इंजेक्शनच्या आधी ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ म्हणतात. आणि तोच ‘बाऊ’ आपण मोठेपणी नको तिथे घाबरण्यासाठी वापरतो, ‘उगाच बाऊ करू नकोस’. म्हणजे एकाच शब्दात छोटीशी जखमही आहे आणि बागुलबुवाही. कॅन्सरच्या बाबतीत घरोघरी नेमकं असंच होतं. मुलासमोर तो ‘बाऊ’ असतो, ‘गाठ’ असते, ‘थोडी रक्ताची पॉवर कमी झालीये’ असतं. दाराबाहेर, कुजबुजत, तो बागुलबुवा असतो. मूल दाराच्या आत असतं, पण त्याला कान असतात.

हे कान किती तीक्ष्ण असतात हे एका पुस्तकाने फार आधी दाखवलं. मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंचं ‘द प्रायव्हेट वर्ल्ड्स ऑफ डाइंग चिल्ड्रन’ १९७८ मध्ये आलं. ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या वॉर्डात त्या कित्येक महिने बसून राहिल्या. मुलं तीन ते नऊ वर्षांची. तेव्हा या आजारातून बहुतेक मुलं वाचत नसत (आज श्रीमंत देशांत दहातली जवळपास नऊ वाचतात), आणि मुलांना काही सांगायचं नाही असाच बहुतेक घरांचा निर्णय होता. बाईंना आढळलं की मुलांना सगळं कळलेलं आहे. औषधांची नावं, त्यांचे परिणाम, आधी बरं वाटणं आणि मग परत उलटणं, आणि शेवटी आपण मरणार आहोत हेसुद्धा. कळत होतं ते एकमेकांकडून. शेजारच्या खाटेवरचा मुलगा एके दिवशी दिसला नाही की बाकीच्यांच्या हिशेबात भर पडायची. आणि हे कळणं वयावर अवलंबून नव्हतं. नुकतंच निदान झालेल्या हुशार नऊ वर्षांच्या मुलापेक्षा जुन्या आजारी चार वर्षांच्या मुलाला जास्त माहीत असायचं.

मग मुलं बोलत का नव्हती? कारण बोललं की मोठी माणसं खोलीतून उठून जायची. आई रडायला बाहेर जायची, नर्सला अचानक काम आठवायचं. आई जवळ बसायला हवी असेल तर आपल्याला काही माहीत नाही असं दाखवायचं, हे मुलांनी शोधून काढलं होतं. मोठे मुलांना सांभाळण्यासाठी नाटक करत होते आणि मुलं मोठ्यांना सांभाळण्यासाठी. पुस्तकाचा एक मोठा भाग चक्क नाटकाच्या रूपात लिहिलेला आहे: प्रवेश, पात्रं, संवाद, सगळं. मला आधी ती क्लृप्ती वाटली. दहा-बारा पानांनंतर लक्षात आलं की दुसऱ्या कुठल्या रूपात हे लिहिताच आलं नसतं, कारण वॉर्डात जे चाललं होतं ते नाटकच होतं. अभ्यासाचं पुस्तक म्हणून ते बाजूला ठेवलं जातं. ज्यांना नाटक वाचायला आवडतं त्यांनी तरी ते काढून वाचावं.

एक आकडाही इथेच सांगून टाकतो. स्वीडनमध्ये ज्यांचं मूल कॅन्सरने गेलं अशा आईवडिलांना काही वर्षांनी विचारण्यात आलं की तुम्ही मुलाशी मृत्यूबद्दल बोलला होतात का. बोललेले १४७ जण होते. त्यांपैकी एकालाही बोलल्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना होता. हा अभ्यास २००४ चा. अर्थात स्वीडन म्हणजे आपलं घर नव्हे, आणि न बोललेल्या बाकीच्यांना आपलं बरोबरच वाटत होतं, हेही त्याच आकड्यात आहे. पण ‘बोललो तर आयुष्यभर सलेल’ ही जी आपली मूळ भीती, तिला त्यात आधार सापडत नाही.

तर बोलायचं. पण कशाच्या आधाराने? योगायोग असा की १९७८ मध्येच सुझन सॉन्टॅग यांचं ‘इलनेस ॲज मेटाफर’ आलं. स्वतः कॅन्सरमधून गेलेल्या सॉन्टॅग यांचं म्हणणं होतं की आजारावर चढवलेली रूपकं, त्यातही युद्धाची, रुग्णाचं नुकसान करतात आणि आजाराकडे रूपकांविना पाहायला शिकलं पाहिजे. मोठ्यांच्या बाबतीत मला हे पटतं. मुलांच्या बाबतीत ते अशक्य आहे. सीडी-१९ हे प्रथिन मुलाला दाखवता येत नाही. ‘खूण’ म्हणावं लागतं, आणि मी वर तेच केलं. प्रश्न इतकाच की कुठली उपमा द्यायची आणि ती कुठे सोडायची.

आता तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेलं एक उदाहरण. ‘सेल्स ॲट वर्क’ ही जपानी ॲनिमे मालिका २०१८ मध्ये आली, आकाने शिमिझू यांच्या मांगावरून. शरीर म्हणजे एक मोठं शहर, लाल पेशी म्हणजे कुरिअर पोचवणाऱ्या मुली, पांढऱ्या पेशी म्हणजे सुरा घेऊन फिरणारे शिपाई. सातव्या भागात कॅन्सरची पेशी येते. एरवी या मालिकेतले खलनायक बाहेरून येतात, जंतू असतात, राक्षसासारखे दिसतात. हा मात्र आधी आपल्यासारखाच दिसतो. साधा, हसतमुख पोरगा. कॉपी होताना चूक झाली म्हणून तो असा जन्मला, आणि जन्मल्यापासून सगळे त्याला मारायला टपलेले. त्याचा राग आपल्याला पटतो आणि तरीही त्याला मारावं लागणार हेही पटतं. वीस-बावीस मिनिटांच्या कार्टूनमध्ये हे जमवणं सोपं नाही.

विज्ञानाच्या दृष्टीने ही उपमा युद्धापेक्षा कितीतरी अचूक आहे. कॅन्सर परका नसतो, आपलाच असतो. म्हणून तर शरीराच्या पहारेकऱ्यांना तो ओळखू येत नाही. आणि इम्युनोथेरपीचं सगळं कसब शक्तीपेक्षा ओळखीत आहे. टी-पेशीकडे मारायची ताकद आधीपासून असते, तिला फक्त कुणाला मारायचं ते कळत नसतं. मुलाला सांगायला ही कल्पना सोपी आहे. वर्गात नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी नाव कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळतं. तेवढंच.

पण मी ही मालिका आजारी मुलाच्या हातात देऊन खोलीबाहेर जाणार नाही. एक तर ‘आपल्यातलाच’ या कल्पनेपासून ‘घरभेदी’पर्यंत आपण फार लवकर पोचतो, आणि आपलंच शरीर फितूर झालंय हे सात वर्षांच्या मुलाने कुठे ठेवायचं? दुसरं म्हणजे मालिका म्हणते की शरीरात अशा चुका होतच असतात आणि शिपाई त्या रोज निस्तरतात. निरोगी मुलाला हे ऐकून धीर येतो. आजारी मूल विचारणार, मग माझ्या शिपायांनी का नाही निस्तरलं? मालिकेत याचं उत्तर नाही. ती ज्या मुलासाठी बनवली आहे ते मूल शाळेतून येऊन सोफ्यावर बसलेलं आहे.

युद्धाच्या बाजूनेही एक साक्ष आहे आणि ती लपवणं बरोबर होणार नाही. २००६ मध्ये ‘री-मिशन’ नावाचा व्हिडिओ गेम आला. त्यात रॉक्सी नावाची छोटी यंत्रमानव मुलगी रुग्णाच्या शरीरात शिरून कॅन्सरच्या पेशींवर गोळ्या झाडते. निव्वळ शूटर. ३७५ किशोरवयीन आणि तरुण रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली आणि गेम खेळणाऱ्यांनी औषधं जास्त नियमित घेतली, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. घरी बसून रोज कडू गोळ्या घेण्याचा कंटाळा आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला बंदूक हवी असेल तर त्याला ती नाकारणारे आपण कोण? इतकंच की तो गेम जिंकता येतो. हरलं तर पुन्हा सुरू करता येतो.

‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ जिंकता येत नाही. २०१६ चा हा गेम रायन आणि एमी ग्रीन या अमेरिकन दांपत्याने आपल्या धाकट्या मुलाबद्दल केला. त्याला वर्षभराचा असताना मेंदूचा एक दुर्मीळ कॅन्सर झाला. गेम करायला घेतला तेव्हा तो जिवंत होता, मार्च २०१४ मध्ये, पाच वर्षांचा असताना तो गेला. म्हणजे निर्मात्यांना आपल्या गोष्टीचा शेवट माहीत नव्हता. एमिलीच्या लघुपटाहून हा गेम वेगळा होतो तो इथेच.

त्यात एक भाग जुन्या काळच्या साध्या व्हिडिओ गेमसारखा आहे. आईवडील रात्री मोठ्या भावांना झोपताना गोष्ट सांगताहेत: तुमचा छोटा भाऊ हा एक शूर सरदार आहे आणि तो ड्रॅगनशी लढतोय. आपण बटणं दाबून त्या छोट्या सरदाराला उड्या मारायला लावतो. कितीही खेळा, ड्रॅगन मरत नाही. आणि गोष्ट ऐकणारी मुलं मध्येमध्ये प्रश्न विचारत राहतात, जसे मुलं विचारतात तसे, आडवेतिडवे. आईवडिलांची गोष्ट त्या प्रश्नांपुढे हळूहळू अडखळायला लागते. युद्धाची उपमा आपल्या डोळ्यांदेखत, ती बनवणाऱ्यांच्याच तोंडून, अपुरी पडते. ते ती लपवत नाहीत. भाऊ रडत का होता, बोलत का नव्हता, हे त्यांना साध्या शब्दांत सांगावं लागतं.

आणखी एका भागात रात्र आहे, हॉस्पिटलची खोली आहे, बाळ रडतंय आणि बाप काहीही करून त्याला शांत करू शकत नाही. आपणही करू शकत नाही. एरवी गेममध्ये प्रत्येक वस्तूला हात लावला की काहीतरी घडतं. इथे हात लावत राहावं लागतं आणि रडणं थांबत नाही. तो आवाज मला हेडफोन काढून ठेवावासा वाटेपर्यंत चालतो. शेवटाकडचा ख्रिस्ती स्वर्ग, पॅनकेक आणि कुत्रा वगैरे, मला परका वाटला. ती त्या घराची श्रद्धा आहे, तिच्याशी माझं भांडण नाही, पण तिथे गेम माझ्यापासून दूर गेला. त्या खोलीत मात्र गेला नव्हता.

आता ‘श्वास’. संदीप सावंत यांचा २००४ चा चित्रपट, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, ऑस्करसाठी भारताची निवड, हे सगळं तुम्ही शाळेत सामान्यज्ञानासाठी पाठ केलं असेल आणि म्हणूनच चित्रपट पाहिला नसेल. कोकणातले आजोबा (अरुण नलावडे) नातवाला, परशाला (अश्विन चितळे), डोळे तपासायला शहरात आणतात. डोळ्यांचा कॅन्सर निघतो. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागतील. चित्रपटाचं कथानक म्हणजे उपचार होईल की नाही हे नाहीच. तो होणारच आहे. कथानक एवढंच आहे की शस्त्रक्रियेआधी परशाला हे सांगितलं पाहिजे असा हॉस्पिटलचा नियम आहे, आणि सांगणार कोण?

आजोबा, डॉक्टर (संदीप कुलकर्णी) आणि समाजसेविका (अमृता सुभाष) यांच्यात हे सांगणं फिरत राहतं. कुणीही वाईट नाही. डॉक्टरांना वेळ नाही, आजोबांची जीभ उचलत नाही. आणि परशा चिडचिडा होत जातो. आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय हे त्याला कळतंय. अमेरिकन वॉर्डात ब्लूबाँड-लँगनर यांनी जे टिपलं तेच इथे एका कोकणी पोराच्या हट्टात आणि रागात आहे. एक फरक मोठा आहे. इथे मुलाला शेवटी सांगितलं जातं.

सांगितल्यावर चित्रपट जे करतो ते मी इतर कुठे पाहिलेलं नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलातून नाहीसे होतात. डॉक्टर संतापतात, शोधाशोध होते. आजोबा त्याला शहर दाखवायला घेऊन गेलेले असतात. उद्या दिसणार नाही ते आज बघून घे. ना ड्रॅगन, ना शिपाई, ना झुंज. आजार कसा आहे हे समजावण्यासाठी एकही उपमा न वापरता आजोबा त्याला सगळ्यात कठीण गोष्ट समजावतात. आधी सांगितलं नसतं तर हा दिवस म्हणजे नुसती सहल झाली असती. सांगितल्यामुळेच परशा तो बघू शकतो.

चित्रपटावर माझे दोन आक्षेप आहेत. पार्श्वसंगीत काही ठिकाणी आपल्या आधी रडतं. आणि डॉक्टरांचं पात्र मध्येच नागरिकशास्त्राचा धडा होतं. पण कसोटीला तो उतरतो. परशा वाचतो आणि डोळे जातात, दोन्ही एकदम. यात विजय म्हणायचा की पराभव? शेवटी तो गावाकडे परततो तेव्हा बातमीतले दोन्ही ठरलेले मथळे त्याला लागू पडत नाहीत. दुसऱ्या मुलीलाही ही गोष्ट दाखवता येईल, कारण तिच्यात शेवटापेक्षा तो दिवस मोठा आहे.

आता हे सगळं आज का काढलं? कारण कार-टी ही आता फिलाडेल्फियाची गोष्ट राहिलेली नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं तेव्हा या औषधाची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती. जून २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात भारतातला पहिला कार-टी उपचार झाला. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटाने तयार केलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. किंमत अमेरिकेतल्या औषधाच्या सुमारे एक दशांश. बहुतेक घरांना तीही न परवडणारी, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. ती मंजुरी पंधरा वर्षांवरील रुग्णांसाठी होती. त्याहून लहान मुलांपर्यंत असा उपचार न्यायचा तर आधी त्यांच्यावर चाचण्या कराव्या लागतात.

आणि चाचण्यांचा एक नियम आहे, ‘श्वास’मधल्या नियमासारखाच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, संशोधनात भाग घेणाऱ्या सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची लेखी होकार-संमती घ्यावी लागते. आईवडिलांची सही तर असतेच, पण मुलालाही त्याला कळेल अशा भाषेत सांगून विचारायचं. म्हणजे बीड किंवा नंदुरबारहून परळला आलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला कुणीतरी मराठीत सांगणार की तुझ्या पेशी काढणार आहोत, बदलणार आहोत, परत घालणार आहोत, चालेल का? बाराच्या पुढच्या मुलासाठी तर कागदच हवा, दीड-दोन पानांचा. तो मजकूर कुणीतरी लिहितं. त्यावर समीक्षा येत नाही, त्याला पुरस्कार नाहीत, दिवाळी अंकात तो छापला जात नाही. पण बालसाहित्यात आज याहून जास्त जबाबदारीचा मजकूर कुठला लिहिला जात असेल, मला सुचत नाही.

तो कसा असावा याचा मी कागदावर प्रयत्न करून पाहिला. सुरुवात जमते. तुझ्या रक्तात काही पेशी आहेत, त्या फार पटापट वाढताहेत, म्हणून तुला दमायला होतं. यात तुझी काही चूक नाही. तू काही खाल्लंस किंवा कुणाशी भांडलीस म्हणून हे झालेलं नाही. तुझ्या रक्तात राखण करणाऱ्याही पेशी आहेत. त्यांना या आजारी पेशी ओळखू येत नाहीत. आम्ही त्यांना ओळखायला शिकवणार आहोत. त्यासाठी तुझं थोडं रक्त एका मशीनमधून फिरवू, त्या पेशी काही दिवस शिकायला जातील आणि मग परत येतील. परत आल्यावर तुला खूप ताप येऊ शकतो. तेव्हा कदाचित तुला आयसीयूत ठेवावं लागेल. आईला तिथे किती वेळ बसता येईल ते आम्ही तुला आधी सांगू.

इथवर एकही लढाई लागली नाही. पुढचं वाक्य मात्र सुरू होतं ते ‘आणि कधीकधी त्या पेशी सगळं नीट शिकून येतात, पण आजारी पेशी आपली खूण बदलतात. तसं झालं तर...’ असं. त्यापुढे मी तीनदा खोडलं आहे. ‘तर आपण दुसरं काहीतरी करू’ हे लिहिलं आणि खोडलं, कारण प्रत्येक वेळी दुसरं काही असतंच असं नाही. सध्या तिथे ‘तर ते आम्ही तुला सांगू’ एवढंच आहे.